स्वतःची चाल, स्वतःचा हिशेब

एखाद्या वाद्यवृंदाची योग्यता त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या संख्येवरून ठरविण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ज्या मंडळींनी पाव शतकाहून अधिक काळात अवघे चार संग्रह मागे ठेवले, त्यांच्यासाठी स्वतंत्र पुस्तिका काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवला तर त्यास दोष देता येणार नाही. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने उभ्या राहिलेल्या, १९९३ साली ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केलेल्या, १९९७ साली मोडलेल्या आणि २०१० साली पुन्हा जमलेल्या या वृंदाची कैफियत मांडावयास घेताना प्रथम इतकेच नमूद करतो की, चार हा आकडा लहान भासतो तो चित्रपटसंगीताच्या घाऊक बाजारभावाने. ज्या परिस्थितीत हे संग्रह सिद्ध झाले ती ध्यानी घेतली, तर त्यांतला पहिला मुळात निघाला कसा, याचेच नवल वाटू लागते. पुढील पृष्ठांत या चारही संग्रहांची नोंद आहे. प्रस्तावनेत मी फक्त त्यांच्यामागचा व्यवहार सांगणार आहे, कारण माझ्या मते या मंडळींचे खरे कर्तृत्व त्या व्यवहारात आहे.

मुंबईत रॉक संगीत त्यांनी आणले असे कोणी म्हणू नये. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या शहरातल्या महाविद्यालयांतून आणि हॉटेलांतून गिटारवाल्या तरुणांचे कित्येक संच वाजत होते. ‘द सॅव्हेजेस’सारख्यांच्या तबकड्याही त्या काळात निघाल्या. सिगारेटच्या एका छापाची जाहिरात व्हावी म्हणून भरविलेल्या सिमला बीट स्पर्धेतल्या निवडक गाण्यांच्या १९७० आणि १९७१ सालच्या तबकड्या आज परदेशातले संग्राहक हुडकत फिरतात. तंबाखूच्या कंपनीने विडीकाडीच्या हिशेबातून संगीताला दिलेला हा आश्रय विचित्र खरा, परंतु संस्थानिक गेल्यानंतर आश्रयदाता निवडण्याची मुभा कलावंताला राहिली होती कोठे? १९७२ साली लेड झेपलिनचे रॉबर्ट प्लँट आणि जिमी पेज मुंबईस आले असता कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नामक लहानशा जागेत वाजवून गेले, ही कथा त्या पिढीने पुढे जन्मभर सांगितली. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा त्या काळातला बहुधा सर्वांत समर्थ संच. त्याची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकुलती एक तबकडी बाजारात आली तेव्हा संच जवळजवळ पांगलेला होता. मुद्रण मागाहून आणि वृंद आधीच विसर्जित, हा क्रम आपल्याकडच्या रॉक संगीताच्या दफ्तरात वारंवार आढळतो.

या सर्व संचांची एक अडचण समान होती. श्रोत्याला त्यांच्याकडून हवे असे ते विलायतेचे गाणे, आणि तेही तबकडीवर आहे तसे, हुबेहूब. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकास ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. जत्रेत, गणपतीत, साखर कारखान्याच्या मोळीपूजनात येणारे ऑर्केस्ट्रे आपण पाहिले आहेत. किशोरकुमारचा आवाज काढणारा गायक स्टेजवर आला की शिट्ट्या, आणि त्याच गायकाने मध्येच ‘आता मी स्वतः चाल लावलेले एक गीत सादर करतो’ असे भीतभीत म्हटले की मागच्या रांगांतली माणसे चहाला उठलेली. गायक वाईट असतो असे नाही. श्रोता करमणुकीचे पैसे ओळखीच्या वस्तूसाठी मोजतो, आणि अनोळखी वस्तूची जोखीम विक्रेत्याने आपल्या अंगावर घ्यावी अशी त्याची रास्त समजूत असते. मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या श्रोत्यांची समजूत याहून निराळी नव्हती. फरक इतकाच की, त्यांचा किशोरकुमार लंडनमध्ये राहत असे.

रॉक मशीननेही आरंभी हीच वाट चोखाळली. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बास गिटारवर. आरंभीचे गायक इयन सांतामारिया, आणि पुढे ज्यांच्या आवाजाने हा वृंद ओळखला गेला ते उदय बेनेगल. कळपट्टीवर झुबिन बालापोरिया, आणि तालवाद्यांवर बसणाऱ्या माणसांत अधूनमधून बदल. नावांच्या या यादीत मराठी, कोकणी, गुजराती, पारशी, ख्रिस्ती अशी सारी मुंबई हजर आहे. उसन्या गाण्यांवर त्यांनी हात बसविला, नाव कमावले, आणि नाव झाल्यावर, म्हणजे हीच वाट निर्वेध चालू ठेवता आली असती नेमक्या त्या वेळी, त्यांनी स्वतः रचलेली गाणी कार्यक्रमात रेटावयास प्रारंभ केला. रेटावयास हे क्रियापद मी जाणूनबुजून योजिले आहे.

धोबीतलावानजीक, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या सान्निध्यात असलेले रंगभवन हे उघडे नाट्यगृह त्यांच्या काळात या संगीताचे मुख्य पीठ होते. १९७८ साली तेथे ‘जॅझ यात्रा’ भरली. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केले, आणि त्याचा मुहूर्त स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा असल्याने तो बहुधा भर पावसात येत असे. उघड्यावरच्या पायऱ्यांवर काळे सदरे घातलेली महाविद्यालयीन मुले, मंचावर विजेच्या तारा आणि ध्वनिवर्धक यांच्यावर ओढलेले प्लास्टिक, आणि पाऊस थांबला की ते प्लास्टिक बाजूस सारून पुनश्च सुरू होणारा गजर, असा तो सगळा सरंजाम होता. अनोळखी गाणे लागले की येथेही गलका होई आणि अमक्याचे तमके म्हणा अशी फर्माईश येई. परंतु तेच गाणे तिसऱ्या-चौथ्या कार्यक्रमात पुन्हा ऐकले की त्याच मुलांच्या तोंडी ते बसू लागे, आणि आपल्याच शहरातल्या माणसांनी रचलेले गाणे आपल्याला पाठ आहे, ही जाणीव त्या श्रोत्यांना नवी होती. रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या हद्दीत आले व आवाजाच्या नियमांमुळे तेथले हे कार्यक्रम बंद पडले. जवळपास रुग्णालये आणि शिक्षणसंस्था असताना नियम गैर होता असे मी म्हणणार नाही. पर्यायी जागा देण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही, एवढे म्हणेन.

१९८८ साली सीबीएसने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा पहिला संग्रह काढला. संपूर्णतः स्वरचित गाण्यांचा असा रॉक संग्रह एका मोठ्या कंपनीच्या शिक्क्यानिशी आपल्या बाजारात येणे ही त्या दिवसांत असाधारण घटना होती, आणि तिचे मोल कळण्यासाठी मुद्रणगृहातली परिस्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडची मोठी मुद्रणगृहे बांधली गेली ती चित्रपटसंगीतासाठी. व्हायोलिनांचा ताफा, तबला, ढोलक, सतार, गायक आणि वादक एकाच वेळी बसवून, सर्वांचा मेळ बसेपर्यंत तालमी घेऊन, एका दमात गाणे उतरवून घ्यावयाचे, ही तेथली बहुतांशी पद्धत. आणि गायकाचा आवाज सर्वांच्या वर, लख्ख ऐकू आला पाहिजे हा तिथला दंडक. रॉकची रीत याच्या उलट. प्रथम ढोल आणि बास यांचा पाया, त्यावर गिटारांचे थर, त्यावर कळपट्टी, सर्वांत शेवटी गळा. प्रत्येक वाद्य फितीच्या वेगळ्या पट्टीवर, आणि मागाहून या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून केलेले मिश्रण. गिटारचा जो घोगरा, फाटलेला स्वर हा या संगीताचा प्राण, तोच मुद्रणगृहातल्या अनुभवी तंत्रज्ञाला यंत्रातला बिघाड वाटावयाचा. त्यात परदेशी वाद्ये आणि उपकरणे यांवर जकात जबर, परकीय चलनाची तंगी. तुटलेली तार मिळविण्यासाठीदेखील परदेशातून येणाऱ्या नातलगाची वाट पाहावी लागे.

हा संग्रह आज ऐकताना या अडचणींचे ठसे कानाला लागतात. ढोलावर त्या दशकाच्या विलायती फॅशनप्रमाणे घुमारा चढविलेला आहे. गिटारा जिथे अंगावर यावयास हव्यात तिथे त्या किंचित मागे सरून उभ्या आहेत, जणू गायकाला वाट देण्याची चित्रपटातली अदब त्यांनाही पाळावी लागली. गीतरचनेत त्या काळच्या अमेरिकी वृंदांचे वळण उघड दिसते, हेही लपविण्यात अर्थ नाही. तिनईकरांच्या गिटारवादनात मात्र पहिल्यापासून एक संयम आहे: वेग दाखविण्याची संधी आली असता ती सोडून देऊन चालीचाच एखादा तुकडा पुन्हा, थोडा फिरवून, मांडण्याचा. १९९० सालच्या ‘द सेकंड कमिंग’ या दुसऱ्या संग्रहात वृंदाचा हात स्थिरावला. गाणी लांबली, रंग वाढले, आणि उसन्या वळणाचा तगादा कमी झाला. माझे मत विचाराल तर पहिल्याचे महत्त्व ऐतिहासिक, दुसऱ्याचे सांगीतिक.

त्यानंतर आकाशातून वाहिन्या उतरल्या. १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आपल्या देशात आले, आणि आमच्या वैरागसारख्या सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या गावीही, ज्वारीच्या आडतीच्या वर बसविलेल्या केबलवाल्याच्या तबकातून, इंग्रजी गाण्यांची चित्रे घरोघर दिसू लागली. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास आमच्या घरी बातम्या लावावयाच्या असत आणि भाच्याला ‘ते केसाळ लोक’ पाहावयाचे असत. त्या केसाळ लोकांत एक दिवस मुंबईचे लोक आहेत असे तो म्हणाला, तेव्हा मी चष्मा पुसून पाहिले. गाणे कळले नाही, पण वाजविणारी माणसे परकी नव्हती. तोवर आपल्या देशातून त्या वाहिनीला देण्याजोगी रॉक गाण्यांची चित्रे जवळजवळ नव्हतीच, आणि रॉक मशीनने ती स्वतः खटपट करून तयार केली होती. ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीस १९९३ साली एमटीव्हीच्या पारितोषिकांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. मुंबईच्या वृंदाला मिळालेला हा सन्मान आपल्या मराठी वृत्तपत्रांनी फारसा मनावर घेतला असे मला स्मरत नाही.

त्याच वर्षी नावाचा फेरफार झाला. ‘रॉक मशीन’ हे नाव जगाच्या कोणत्याही शहरातल्या कोणत्याही संचाला शोभेल असे. सिंधू नदीचे इंग्रजी नाव घेऊन मंडळींनी आपला गाव सांगितला. १९९५ साली ‘इंडस क्रीड’ याच नावाचा संग्रह आला. त्यात पूर्वीचा जोर आवरता घेतलेला आहे, आपल्याकडच्या तालवाद्यांचा उपयोग विचारपूर्वक केलेला आहे, आणि देशी रंग म्हणून वरून शिंपडलेली सतार कोठे ऐकू येत नाही, ही मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. दुर्दैव असे की, त्याच १९९५ साली अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ आले आणि घराघरांत वाजू लागले. ज्या कंपन्यांना आतापर्यंत चित्रपटाबाहेरचे संगीत विकले जाते की नाही याची शंका होती, त्यांना ते विकले जाते हे कळले, आणि ते हिंदीत, नाचता येईल असे, एका चेहऱ्याभोवती उभे केलेले असेल तर विकले जाते हेही त्याच वेळी कळले. ज्या वाहिन्यांनी इंडस क्रीडला दारात घेतले त्यांनीच दोन-तीन वर्षांत आपली भाषा हिंदी केली. व्यापाराच्या दृष्टीने त्यात अनुचित काही नाही. चार माणसांचा संच दौऱ्यावर नेण्याच्या खर्चात एक गायिका आणि एक फीत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरविता येते. १९९७ साली वृंद मोडला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले व तेथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा निराळा उपक्रम केला.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण ही पुस्तिका मराठीत निघत आहे आणि वैरागला निघत आहे. इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईकरांचे आम्हांस काय, असे मला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी स्पष्टच विचारले. त्यांना मी अरुण कोलटकरांचे उदाहरण दिले. कोल्हापुरात जन्मलेला, तुकारामांना इंग्रजीत नेणारा, मराठी कवितेत ज्याचे स्थान वादातीत आहे असा हा कवी सत्तरीच्या दशकात इंग्रजीत गाणी रचून, स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित करीत होता आणि त्याच सुमारास पखवाजही शिकत होता. त्याची ती गाणी बाजारात कधी आली नाहीत. महाराष्ट्रात राहून दुसऱ्या भाषेत निर्मिलेले सर्व काही परक्याच्या खात्यावर मांडावयाचे ठरविले, तर आपल्याच खात्यातल्या मोठ्या रकमा आपल्या हाताने खोडाव्या लागतील. तथापि आक्षेपातले तथ्य मी नाकारीत नाही. इंडस क्रीडचे संगीत नागपुरास, नांदेडास किंवा सोलापुरास खऱ्या अर्थाने पोहोचले नाही, आणि याचे कारण केवळ भाषा नसून मार्गच नव्हता, हे आहे. सोलापूरच्या नवी पेठेतल्या कॅसेटच्या दुकानात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि लोकगीते मागाल तेव्हा मिळत, कारण त्यांच्यामागे गावोगावच्या बाजारापर्यंत माल पोहोचविणारी साखळी होती. रॉकची कॅसेट मागितली तर दुकानदार पुण्याहून मागवतो म्हणे, आणि ती कधी आली तर भाच्याचे कॉलेज संपल्यावर यावयाची.

२०१० साली वृंद पुन्हा जमला तो या मार्गाच्या प्रश्नाचे उत्तर बदलल्यानंतर. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने, तर बासवर रुशाद मिस्त्री आणि ढोलावर जय राव कवी हे नवे. २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ निघाला. आठ गाण्यांचा हा संग्रह मंडळींनी कोणा मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या जबाबदारीवर सिद्ध केला, आणि मिश्रणासाठी तो टिम पामर या नामांकित ब्रिटिश तंत्रज्ञाकडे सोपविला. चोवीस वर्षांपूर्वी गिटारांना जी अदब पाळावी लागली होती ती येथे संपली आहे: ढोल छातीशी येऊन भिडतो, गिटार त्याला बिलगून चालते, आणि गळा दोहोंच्या मधोमध आपली जागा करून घेतो. चाली सरळ नाहीत. मात्रांची मोड अनपेक्षित ठिकाणी होते, आणि पहिल्या ऐकण्यात हाती फारसे लागत नाही. वयाने पोक्त झालेल्या माणसांनी तारुण्यातली गाणी पुन्हा उगाळून कार्यक्रम भरविणे जगभर सर्वत्र चालते, आणि त्यात पैसाही असतो. या मंडळींनी त्या सोप्या उत्पन्नावर पाणी सोडून नवी आणि अवघड गाणी रचली, हा १९८० च्या दशकातला रंगभवनावरचाच हट्ट होता. आता त्या हट्टाचा जमाखर्चही त्यांच्याच हातात होता एवढाच फरक. १९८८ सालच्या करारनाम्यात गाणे त्यांचे होते पण फीत, बाजार आणि दिवस कंपनीचा. २०१२ साली चारही त्यांचे झाले, आणि तोटा झाला तर तोही. चारही संग्रहांत सर्वांत कमी लोकप्रिय आणि सर्वांत चांगला हाच, असे मी बेलाशक म्हणतो.

मुंबईत आज ‘अभंग रिपोस्ट’सारखे तरुण तुकोबांचे आणि इतर संतांचे अभंग विजेच्या गिटारीवर आणि ढोलावर गातात. मराठवाड्यातून निघून आमच्या तालुक्यातून पंढरपूरची वाट धरणाऱ्या दिंड्यांच्या टाळांवर ज्यांचे कान घडले त्यांना तो आवाज आरंभी दचकवतो, मलाही दचकवता झाला. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते की पखवाजाचा ठोका जिथे पडावयाचा तिथेच ढोल पडला आहे. या तरुणांनी इंडस क्रीडपासून काही घेतले असे सिद्ध करण्याचा माझा मानस नाही. त्यांची पाळेमुळे निराळ्या मातीत आहेत. मात्र स्वरचित वा स्वतः बांधलेले संगीत घेऊन विजेच्या वाद्यांनिशी उभे राहणाऱ्यास आज जो श्रोता मिळतो, उठून चहाला न जाणारा, तो घडविण्याचे काम ज्यांनी गलका सोसून केले त्यांत या मंडळींचे नाव पहिल्या ओळीत लिहावे लागेल.

वाचकांस दोन विनंत्या करून ही प्रस्तावना पुरी करतो. संग्रह ऐकताना १९८८ पासून क्रमाने ऐकावेत, आणि ‘इव्हॉल्व्ह’ एकदा ऐकून बाजूस ठेवू नये. निदान तीनदा ऐकावा. दुसरी विनंती ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून आहेत त्यांना. रॉक मशीनची असो, गावच्या ऑर्केस्ट्र्याची असो वा एखाद्या भजनी मंडळाने हौसेने भरून घेतलेली असो, ती रद्दीत घालू नये. फितीला दमटपणाने बुरशी धरते आणि जुन्या फितीवरचा चुंबकीय लेप झडू लागतो, म्हणून ती कोरड्या जागी, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर, उभी करून ठेवावी. वरचे वेष्टन आणि त्यावरची हस्ताक्षरातली नोंद फेकू नये, कारण वादकांची नावे पुष्कळदा तेवढ्यावरच असतात. आणि चांगले चालणारे यंत्र ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडून तिची संगणकावर नक्कल या पावसाळ्यापूर्वीच करून घ्यावी.

वैराग, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर